हुकूमशहाची हलगी
आखातातल्या मत्रहच्या बाजारात लोबानाचा वास आला की त्याच शहरातल्या हमरिया भागातला आमचा कोंदट स्टुडिओ आठवतो. कुठल्याशा देशाच्या हुकूमशहाच्या प्रचारपटाला मला संगीत द्यायचं होतं. नाही म्हटलं तर नोकरी आणि तिच्याबरोबर व्हिसा जाणार, हो म्हटलं तर लहानपणापासून मोर्च्यांत वाटलेली हुकूमशाहीविरोधी पत्रकं मला झोपू देणार नाहीत. म्हणून नेता विमानातून उतरतो तिथे मी गावाकडे प्रेतयात्रेपुढे वाजते तशी हलगी टाकली. स्टुडिओचे मालक, कोल्हापूरचेच, कुजबुजले, "अरे, हा तर मयताचा ताल! आपण दोघंही खलास!" तेवढ्यात संगीत ऐकायला आलेला त्या देशाचा अधिकारी उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "अजून जोरात!" परवा बातम्यांत पाहिलं, नेत्याच्या मिरवणुकीपुढे तीच हलगी होती, फक्त तो अजून स्वतःच्या पायांनी चालत होता.