हॉलमधलं कपाट आणि रोलर कोस्टर

आमचं साड्यांचं लोखंडी कपाट बरीच वर्षं हॉलमध्ये होतं. सोफ्याला लागून, टीव्हीच्या बरोबर समोर. माझी बायको मंगल साडी काढायला कपाट उघडायची तेव्हा बसलेले पाहुणे शिष्टाचार म्हणून छताकडे बघायचे.

हे कपाट तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. नाशिकच्या इंदिरानगरला रो-हाउस बांधून घेतलं तेव्हा आतल्या खोलीचं दार मी स्वतः माप घेऊन ठरवलं होतं. मी अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवणारा माणूस! कपाटाची रुंदी मोजली, दाराची मोजली. दोन्ही मापं अजूनही बरोबर आहेत, कोणीही येऊन टेप लावावी. फक्त दाराच्या अलीकडे बोळात एक वळण होतं, आणि साडेसहा फुटी कपाटाला कंबर नसते, हे माझ्या हिशेबातून सुटलं.

सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) निफाडहून आले की द्राक्षांची पेटी खाली ठेवून आधी कपाटावरून हात फिरवायचे.

"बरं हाय ना बाबा? इथं जेवायला देत्यात ना?" असं कपाटालाच विचारायचे. मी पंखा वाढवायचो.

नवीन शतक लागलं त्या सुमारास आमची केतकी अकरावीला गेली आणि तिच्यासाठी गच्चीवर खोली बांधायचं ठरलं. खोली सोपी होती, प्रश्न जिन्याचा होता. ठेकेदारानं काढलेला जिना अर्धा हॉल खात होता. मी म्हणालो, "एवढी जागा कशाला? कोपऱ्यात बसेल असा जिना मी काढतो. शिवाय कपाटही वर जाईल."

मंगल भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काढा ना. मी शिडीचं बघून ठेवते."

केतकीला माझी दया आली असावी. तिच्या कॉम्प्युटरवर जत्रेतले पाळणे आणि झोके उभारायचा एक खेळ होता. आपण बाग आखायची, रोलर कोस्टर बांधायचा, मग चित्रातली माणसं येऊन त्यात बसतात आणि आपलं मत सांगतात. ती म्हणाली, "बाबा, यात छोट्या जागेतला रोलर कोस्टर करून दाखवा. अगदी खराखुरा. खांब पाहिजेत, वळणं नीट पाहिजेत."

"हो," मंगल म्हणाली. "त्यातली माणसं न ओकता खाली उतरली, तर जिना तुमचा. नाहीतर ठेकेदाराचा."

केतकीनं मला तळं आणि आइस्क्रीमची गाडी यांच्यामध्ये रुमालाएवढा तुकडा दिला. मला तो खेळ पहिल्याच संध्याकाळी आवडला, कारण तो प्रत्येक पाळण्याला आकड्यांत गुण देत होता: थरार किती, जोर किती, मळमळ किती. मळमळ दशांशापर्यंत मोजणारं यंत्र आमच्या कारखान्यातही नव्हतं.

पहिला कोस्टर मी हिशेबानं बांधला. साखळीनं डबे वर, तिथून सरळ खाली, मग कोपऱ्यात काटकोन. सतरा माणसं बसली. खाली उतरल्यावर सतराही जणांनी आइस्क्रीमच्या गाडीसमोर रांगेनं वांती केली. मागोमाग एक झाडूवाला धावत आला, त्यानं बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेला.

"तुमचं वळण," मंगल पाठीमागून म्हणाली. एवढंच.

वळण नक्की कुठे चुकतं ते पडद्यावर कळेना. म्हणून रविवारी सकाळी मी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या. पुढे केतकी, मग मंगल (हातात लसूण), शेवटी अण्णा. ते द्राक्षांच्या कामानं नाशकात आले होते आणि तावडीत सापडले. मी समोर उभा राहून हात दाखवायचो आणि सगळ्यांनी वळणाच्या उलट बाजूला झुकायचं, खऱ्या डब्यात झुकतात तसं.

"डावं वळण! अण्णा, तुम्ही उजवीकडे फेकले जाताय."

"मी कुठं जातोय? मी बसेल हाय."

"समजा हो."

अण्णांनी समजलं. मनापासून समजलं. ते उजवीकडे इतके झुकले की खुर्चीचा पाय मुडपला आणि ते सावकाश कपाटाला जाऊन टेकले. त्याच वेळी शेजारच्या भामरेवहिनी विरजण मागायला दारात आल्या. त्यांनी एकामागे एक बसलेलं, तिरकं झालेलं कुटुंब बघितलं.

"काही शिबिर आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"जिना बांधतोय," मंगल म्हणाली.

वहिनी विरजण न घेताच गेल्या.

पण अण्णा कपाटाला टेकले तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसांनी झुकायचं नसतं, रूळ झुकवायचे असतात! मी वळणावर रूळ आतल्या बाजूला कलते केले, उतार दोन टप्प्यांत तोडला आणि खालच्या वळणातूनच दुसरी चढण काढली. सगळं त्याच रुमालात. केतकीनं बघितलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाली, "बाबा, हे खरंच भारी दिसतंय." कारखान्यात मला बढती मिळाली तेव्हाही छातीत इतकं भरून आलं नव्हतं.

चाचणीला सगळे जमले. डबे चढले, सुटले, वळले. थरार उत्तम, मळमळ नावाला. माणसं खाली उतरली, एकानंही वांती केली नाही. मी मंगलकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती.

"अहो, ही माणसं कुठे चाललीत?"

माणसं कोस्टरच्या मागे गवतात गोल गोल फिरत होती. रांग लावून आत जायचा रस्ता मी फरसबंद केला होता, वर कमानही घातली होती. बाहेर पडायचा रस्ता केलाच नव्हता. एकीकडे तळं, बाकी तिन्हीकडे माझे खांब. प्रत्येकाच्या डोक्यावर एकच वाक्य येत होतं: मला बाहेरचा रस्ता सापडत नाही.

"आपल्या कपाटासारखं झालं की वो ह्यांचं," अण्णा म्हणाले.

चढणीच्या खालून मी एक बोगद्यासारखी वाट काढली, ती बरोबर बसली आणि माणसं घरी गेली. मंगल शब्दाला पक्की. "ओकली नाहीत हे खरं," ती म्हणाली. "जिना तुमचा."

तो जिना मी महिनाभर काढला. कपाटाच्या मापाचा पुठ्ठा कापून जमिनीवर खडूनं आखलेल्या प्रत्येक पायरीवर फिरवून बघितला. ठेकेदार आधी हसला, मग स्वतः वळणावर उभा राहून माप घेऊन गेला.

कपाट चढवायच्या दिवशी अण्णा निफाडहून चार गडी घेऊन आले. मी वरच्या खोलीच्या दारातून सूचना देत होतो. कपाट आडवं होऊन वर आलं, वळणावर कललं आणि दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा सोडून वळलं. इतक्या वर्षांनी वळलं! माझा आवाज फुटेना.

आवाज फुटला असता तर बरं झालं असतं. कारण पुढच्या चारच पायऱ्या चढून गडी दारासमोर आले आणि दम खायला त्यांनी कपाट उभं केलं. रुंद बाजू दाराकडे. दार झाकलं गेलं. जिन्याच्या वरच्या टोकाला मी कमी जागेत बसवलेल्या त्या चौकात उभं कपाट फिरेना, आडवंही होईना. मी आत. खिडकीला मीच आग्रहानं बसवलेले गज.

"बाबा," पलीकडून केतकीचा आवाज आला, "बाहेरचा रस्ता?"

"जावईबापू, मळमळतंय का?" हे अण्णा.

मंगलनं कपाटाच्या डोक्यावरून चहाचा कप आत सरकवला. बरोबर दोन बिस्किटंही होती. शेवटी गड्यांनी कपाट तसंच उभं उचलून पुन्हा वळणाखाली नेलं, आडवं केलं आणि परत वर आणून सरळ आत घातलं. ते अजून तिथेच आहे. खालच्या पाहुण्यांना आता छताकडे बघावं लागत नाही.

घरी कोणी आलं की हे लोक मी कोंडला गेल्याची गोष्ट रंगवून सांगतात. सांगू देत. मी मध्ये एवढंच म्हणतो की ते कपाट त्या वळणावरून वर गेलं, खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. भिंतीचा रंगसुद्धा निघाला नाही. इतकी कडक तपासणी आमच्या कारखान्यात कुठल्याच मालाची होत नाही, आणि तीही तपासनिसाला आत कोंडून.