डाळिंबाच्या मुळाशी

सुप्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत, माझ्या थोरल्या भावाची डाळिंबाची बाग होती. दादा कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतो, त्यामुळे बाग खरी वहिनींचीच. खड्डे घेतल्यापासून छाटणीपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. मी नगरला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सुट्टीत घरी गेले की त्या मला बागेतून फिरवायच्या. एखाद्या झाडाची तक्रार करायची असली, तर आधी चार पावलं पुढं जायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, "ते मागचं जरा आळशी हाय."

आमच्याकडं रान मुरमाड. पाऊस आला काय, निचरून गेला काय, पाणी उभं राहिल्याचं मला लहानपणापासून आठवत नाही. त्या वर्षी मात्र तो थांबायचं नावच घेईना. परतीचा म्हणून आला आणि मुक्कामालाच राहिला. बागेच्या खालच्या अंगाला पाणी साचलं, ते दिवाळीपर्यंत हललं नाही. पायाखालच्या चिखलाला आंबूस, गटारासारखा वास यायला लागला. पाऊस उघडला तो एकदम कडक ऊन घेऊनच.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले, तेव्हा वहिनींनी मला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

"ताई, आधी रानात चला."

एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली होती. बाकी झाड हिरवंगार, फळांनी लगडलेलं. वहिनींनी बुंध्याजवळची माती उकरली आणि कोयत्यानं मुळाची साल काढली. आतलं लाकूड पांढरं असायला हवं होतं. त्यात करडे-तपकिरी पट्टे उतरले होते, कपड्यावर चहा सांडावा तसे.

"मर तर न्हाई ना ही?" त्यांनी विचारलं.

उभं झाड वाळवून टाकणाऱ्या या रोगाचं नाव डाळिंबवाल्यांच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. मी म्हटलं, "बघू या. गाजरं आहेत का घरात?"

त्यांना वाटलं मी विषय बदलतेय. पण मर आणणारी बुरशी ओळखायची एक साधी रीत आहे. मी त्या मुळाचा तुकडा गाजराच्या दोन कापांमध्ये ठेवला आणि ओला कागद घालून स्टीलच्या डब्यात बंद केला. सुट्टी संपली, मी नगरला परत आले. थोड्याच दिवसांत वहिनींचा फोन आला.

"ताई, डबा उघडला. केळ्याचा वास येतोय. घरात केळं न्हाई."

तो पिकल्या केळ्यासारखा वास त्या बुरशीचाच.

त्या रविवारी जाऊन मी ठिकठिकाणच्या झाडांखालची माती आणली, दिसायला ठणठणीत होती त्यांचीही. प्रयोगशाळेत ती गाजरावर लावली. खालच्या अंगाच्या जवळपास सगळ्या मातीत ती बुरशी निघाली. तिथली झाडं अजून हिरवी होती, एवढंच. वरच्या अंगाला काही सापडलं नाही.

हे सांगितल्यावर दादा भडकला. "झाड हिरवं हाय, फळं लिंबाएवढी झालीत, अन तू म्हणतीस उपटा?"

"मुळं एकमेकांना लागलेली असतात, दादा. पाण्याबरोबरही बुरशी पसरते. आज खालची काढली तर वरची वाचतील कदाचित."

"कदाचित," तो म्हणाला आणि पाळीला निघून गेला.

ठरवलं ते वहिनींनी. जेसीबी येणार त्याच्या आदल्या दिवशी त्या एकट्याच खालच्या ओळींत गेल्या आणि कच्ची फळं तोडत राहिल्या. ती काही कामाची नव्हती. मी त्यासाठी नगरहून आले होते; बांधावरून विचारलं, "कशाला तोडता?" त्या म्हणाल्या, "भरल्या फांदीनं कशी जाऊ देऊ?" दुसऱ्या दिवशी मशीन मुळासकट झाडं ओढत होतं, तेव्हा त्या तिथं थांबल्या नाहीत. दादानं सगळं जागेवरच जाळलं. ओली लाकडं, धूर बराच वेळ शेजारच्या रानावर रेंगाळत होता.

उन्हाळा लागला आणि वरच्या अंगाला एक फांदी पिवळी पडली.

हा फोन दादानं केला. मी गेले, तर त्या भाकरी थापत होत्या. तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुमी सांगितली तेवढी काढली. मग हे कशानं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी पाट सरकवला, म्हणजे बसा.

मग मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. मातीत कोट्यवधी जीव राहतात. अशी एखादी वाईट बुरशी त्यांच्यात आली, तरी बाकीचे तिला दाबून ठेवतात. पाणी साचलं की मातीतली हवा जाते आणि त्या बाकीच्यांतले कितीतरी गुदमरतात. वरून एकदम ऊन तापलं की उरलेलेही हटतात. आपण वर्षानुवर्षं ओतलेल्या औषधांनी आधीच ते विरळ झालेले असणार. मुळंही त्याच पाण्यात गुदमरलेली. अशा वेळी हिला रान मोकळं मिळतं.

"मी ट्रायकोडर्मा सोडला हुता की. गूळ-शेणात कालवून."

"ती चांगली बुरशी खरी, पण तिलाही जगायला हवा लागते, वहिनी. तेव्हा तिथं पाणीच होतं."

"म्हंजे झाडं आजारी न्हाईत. रानच आजारी हाय." त्यांनी भाकरी उलटली. "मला वाटायचं, माणूस बदलतो, पाऊस बदलतो. माती तेवढी आपली असती."

पुढच्या पावसाळ्याच्या आत सगळी बाग गेली. वहिनींनी त्या रानात ताग पेरला आणि फुलावर आला तसा हिरवळीचं खत म्हणून मातीत गाडून टाकला. नंतर बाजरी केली. शेणखत घातलं, औषधं बंद केली. दर हंगामाला मी तिथली माती तपासते. वरच्या पट्ट्यात आता ती बुरशी सापडत नाही आणि इतर जिवांची गर्दी थोडी वाढलेली दिसते. खालच्या पट्ट्यात ती अजून आहे. जमीन तीच, हात तेच, पण मधल्या बांधाच्या दोन बाजूंना जणू दोन वेगळी गावं वसलीत.

मागच्या महिन्यात गेले, तेव्हा वरच्या पट्ट्याच्या कडेनं वहिनींनी पाणी वळवायला खोल चर खणलेला होता. रोपवाटिकेत डाळिंबाची रोपंही सांगून ठेवली होती. दादाचा विरोध आहे. तो म्हणतो, आता बागेच्या नादी लागण्यापेक्षा नोकरीच बरी. मी म्हटलं, "वहिनी, अजून एक वर्ष थांबा. माती आत्ताच कुठं सावरतेय."

"थांबते," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या साली पाऊस कसा असंल, ते सांगाल का?"

त्यांनी फावडं उचललं आणि कडेची ढासळलेली माती वर ओढायला लागल्या.