लायब्ररी काढली तरी ‘पास’

पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘पास’ उमटलेलं पाहिलं की मला अजून शिसारी येते. तुम्हा दोघा मुलांना हे विचित्र वाटेल. तुमच्या कॉम्प्युटरच्या कामात तर रोज काही ना काही पास होत असणार. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. निलंग्याहून, मुरुडहून, पार नांदेडकडून मुलं येत आणि तडे गेलेल्या घरांतल्या खोल्या भाड्याने घेत. समोरच्या घराची तपासणी मी आमच्या खिडकीतून पाहिली होती. एक माणूस जीपमधून उतरला, भिंतीवर पेन वाजवून पाहिलं, चहा प्यायला आणि ‘राहण्यास योग्य’ असं लिहून गेला. घरमालकाने तड्यांत सिमेंट भरलं, वर गुलाबी रंग दिला आणि मुलींसाठी उत्तम सोय असल्याची पाटी लावली.

मी कॉलेजात गणित शिकवत होते. शाळा हैदराबादला झाल्यामुळे इंग्रजी पुस्तकांची भीती नव्हती, म्हणून कॉम्प्युटरही शिकले होते. त्यामुळे एका मोठ्या क्लासच्या सरांनी निकालाच्या कामावर देखरेखीला मला बोलावलं. त्यांची लातूर आणि नांदेड अशी दोन केंद्रं. गोल काळे करायची एकच परीक्षा आणि दोन्हीकडची मिळून एकच यादी. यादीत वर आलेल्यांची पहिली बॅच. त्यांना लातुरात शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट.

उत्तरपत्रिका त्या त्या केंद्रावरचं मशीन वाचायचं. गुण लावणारा प्रोग्राम एका सोप्या स्क्रिप्टच्या भाषेत होता आणि त्याला मशीनशी बोलता येत नसे. ते काम जाणणारी एक तयार फाइल मशीनवाल्यांनी दिली होती, तिला लायब्ररी म्हणतात. प्रोग्राम ती पोटात घेऊन बसत नाही, चालता चालता गरज पडली की मागून घेतो. सणाच्या दिवशी पुरणयंत्र शेजारून आणतो, तसं. पण शेजारी दोन यंत्रं असली आणि एकाची जाळी मोडकी असली, तर कुठलं आणलं हे बघायला नको का?

त्या वर्षी उत्तरपत्रिकेत जीवशास्त्राचा एक रकाना वाढला होता आणि त्यासाठी नवी लायब्ररी आली होती. निकाल लागला. वरची सगळी नावं लातूरची, नांदेडची मुलं तळाला.

“नांदेडची पोरं कच्चीच,” सर म्हणाले आणि यादी पेपरात दिली.

दोन दिवसांनी जळकोटचे एक शिंपीचाचा मुलीला घेऊन ऑफिसात आले. मुलगी नांदेडला खालेकडे, म्हणजे मावशीकडे, राहून शिकत होती.

“बाई, नंबर न्हाई लागला तर मी नेतो हिला. दुकानात काज-बटन करंल. माझ्याच्यानं लातूर झेपत न्हाई. पन ही ऐकून न्हाई राहिली.”

“अब्बा, मला बोलू द्या,” मुलगी म्हणाली. “मॅडम, मी उत्तरं ताडून पाहिली. पाच-दहा मार्क इकडंतिकडं होतील, एवढे कसे जातील? बायलॉजी तर मला सगळं येत होतं.”

बॅच सोमवारी सुरू होणार होती. मी चाचांना तेवढं थांबायला सांगितलं आणि सकाळच्या एसटीने नांदेडला गेले.

तिथल्या कॉम्प्युटरवाल्याने माझ्यासमोर लायब्ररी लागते का ते बघायची चाचणी चालवली. हिरवं ‘पास’.

“बघा मॅडम, लायब्ररी लोड होऊन राहिली.”

मी नवी लायब्ररी तिच्या फोल्डरमधून उचलून बाहेर ठेवली आणि पुन्हा चालवायला सांगितलं. पुन्हा ‘पास’.

“भूतबाधा हाय जणू,” तो हसला. मला हसू आलं नाही. लायब्ररी नेमकी कुठून उचलली, ते मी प्रोग्रामकडून छापून घेतलं. गेल्या वर्षीची त्याच नावाची लायब्ररी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कोपऱ्यात पडून होती. प्रोग्राम तिलाच घेत होता. तिला नवा रकाना ठाऊकच नव्हता. नांदेडच्या एकाही मुलाचा तो रकाना वाचला गेला नव्हता.

“चाचणीत हे कळलं कसं नाही?”

तो मान खाजवू लागला. “कळलं होतं. नवी लोडच होत न्हवती, चाचणी फेल दाखवू लागली. सर फोनवर म्हणले, उद्या निकाल हाय, पास दाखव. मग नुसतं नाव सापडलं की पास, असं केलं.”

हे तो कणिक सैल झाली म्हणून पीठ घातलं, अशा सुरात सांगत होता. समोरचा चहा मी बाजूला सारला.

नवी लायब्ररी मी जागेवर ठेवली, जुनी पुसून टाकली. नवीला लागणारी एक छोटी फाइल तिथे टाकलीच नव्हती, ती टाकली. मग मी चाचणी नव्याने लिहिली. लायब्ररी काढली तर फेल आलंच पाहिजे. असली तर कुठली, ते सांगितलं पाहिजे. आणि मी स्वतः भरलेल्या एका पत्रिकेला मला ठाऊक असलेलेच गुण दिले पाहिजेत.

“फेल व्हावी म्हणून कोन टेस्ट लिहितं, मॅडम?”

“मी लिहिते. पत्रिका लावा.”

सगळ्या पत्रिका पुन्हा वाचल्या आणि लातूरचे गुण मिळवून नवी यादी काढली. मुलगी पहिल्या बॅचमध्ये होती, आणि नांदेडची आणखीही बरीच मुलं. मी सरांना फोन केला.

“रकाना सगळ्यांचाच गेला ना? मग अन्याय कुठं झाला?”

“लातूरवाल्यांचा गेला नाही, सर.”

“बरं, तुमच्या त्या एका पोरीला घेऊन टाकू. यादी कशाला हलवता?”

मी फोन ठेवला आणि पूर्ण यादी माझ्या सहीने नांदेडच्या दारावर चिकटवली. घटकाभरात तिथे पालकांची गर्दी झाली. मग सरांना ती मानावीच लागली.

सोमवारी पालक मेळावा होता. सरांनी त्या मुलीला स्टेजवर उभं केलं. “आम्ही लागलेला निकालसुद्धा पुन्हा तपासतो,” ते माइकवर म्हणाले. टाळ्या झाल्या. माझ्यासाठी आणलेला पुष्पगुच्छ मला द्यायला त्यांनी तिच्याच हाती पाठवला.

तो मी घेतला नाही. तिला म्हटलं, “तूच ठेव, आणि पुढच्या बाकावर जाऊन बस, जागा भरतील.” ती पळाली. मी चपला घातल्या आणि घरी आले. त्या क्लासची पायरी पुन्हा चढले नाही.