ओढा आढळून आला नाही

शेतजमिनीचे प्लॉट पाडायचे असतील तर त्याचा नकाशा आधी आमच्या कार्यालयात येतो. रस्ते पुरेसे रुंद आहेत का, मोकळी जागा सोडली आहे का, ओढे, विहिरी, विजेच्या तारा खऱ्या दाखवल्या आहेत का, हे तपासायचं, जागेवर जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम. वीस वर्षं परभणीत हेच करतो आहे. सही वरिष्ठांची असते, पण पाहणी माझी आणि वाक्यं माझी.

मागच्या हिवाळ्यात आलेला एक प्रस्ताव मी तीनदा परत पाठवला होता. पिंगळीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेलं काळं रान. पहिल्या नकाशात मोकळी जागा एका कोपऱ्यातल्या त्रिकोणात कोंबली होती. तिथे बैलगाडीसुद्धा वळली नसती, पण त्यात हिरवे गोल काढून 'उद्यान' असं लिहिलेलं. दुसऱ्या वेळी त्रिकोण गेला आणि त्याच्या दोन लांब पट्ट्या झाल्या, कुंपणाला चिकटून, वाळत घातलेल्या धोतरासारख्या. तिसऱ्या वेळी जागा बरी होती, पण मुख्य रस्ता शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन संपत होता. प्रत्येक वेळी सोबतचं पत्र मात्र तेच, तारीख बदललेली: आपल्या सूचनेप्रमाणे दुरुस्ती केली आहे. जाहिरातीच्या कागदावर गोदावरीच्या घाटाचं चित्र होतं. गोदावरी बघायची तर तिथून गंगाखेड गाठावं लागतं.

ओढ्याबद्दल मी तिन्ही वेळा विचारलं होतं. गावाच्या जुन्या नकाशात त्या बाजूला दोन समांतर रेघा दिसत होत्या, त्या कुठे गेल्या? चौथ्या वेळी उत्तर आलं. उत्तर म्हणजे चार वर्षांपूर्वीचा एक अहवाल होता, शेजारच्या, वरच्या अंगाच्या जमिनीचा. त्यातल्या एका ओळीवर पिवळी शाई फिरवलेली: 'प्रत्यक्ष स्थळपाहणीवेळी सदर जमिनीत ओढा आढळून आला नाही.' आणि खाली अर्जदाराचा प्रश्न, की वरच्या जमिनीत ओढा नाही तर खालच्या जमिनीत तो येणार कुठून?

अहवाल माझा होता. मी फाईल बंद केली आणि उगाचच पाणी प्यायला उठलो.

त्याच फाईलमध्ये वहीचा एक रेघी कागद होता. वरच्या जमिनीत, म्हणजे मी मान्यतेची शिफारस केलेल्या प्लॉटांत, घर बांधून पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका बाईची हरकत. चारच ओळी. पावसाळ्यात आमच्या घरात पाणी येतं. ते मागच्या रानात निघून जातं. ते रान भरून प्लॉट पाडले तर पाणी आमच्या घरातच राहील. तरी साहेबांनी येऊन बघावं.

चार वर्षांपूर्वी मी जाऊन बघितलं नव्हतं असं नाही. गेलो होतो. वैशाख होता, दुपारचा दीड. प्लॉट पाडणारा माणूस (आताचा अर्जदारही तोच), त्याला मी इथे विकासक म्हणतो, कारण कागदोपत्री तो तेच आहे, पूर्वी शिकवण्या घ्यायचा. बोलणं गोड, समजावून सांगितल्यासारखं. रान नुकतंच नांगरून सपाट केलेलं होतं. ढेकळांतून दहा पावलं गेलो असेन, तळपाय भाजायला लागले. गावाच्या नकाशाची जी प्रत जोडली होती ती नेमकी त्या जागी घडीवर फाटलेली आणि चिकटपट्टीनं जोडलेली. मूळ नकाशा बघायला मला अर्धा दिवस लागला असता. मी रस्त्याच्या कडेला सावलीत येऊन बसलो, मांडीवर पॅड घेतलं आणि ते वाक्य लिहिलं. विकासकानं उसाचा रस मागवला होता. दोन ग्लास प्यालो. तिसऱ्याला नको म्हणालो, आणि तो तिसरा नाकारल्याचं मला घरी जाईपर्यंत समाधान वाटत होतं. दुसरं काही मी घेतलं नाही. हे मी बायकोला, मित्रांना, स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं आहे. त्यानं काही हलकं होत नाही. पैसे घेणाऱ्यानं निदान काहीतरी घेतलेलं असतं. मी ते वाक्य नुसत्या उन्हाच्या कंटाळ्यापोटी देऊन टाकलं.

या वेळी मार्च अखेरीस पाहणीला गेलो तेव्हा आधी गिरणीवर गेलो. बाई पन्नाशीची, राणीसावरगावची लेक. पापण्यांवर पीठ. ज्वारी दळता दळताच बोलत होती, त्यामुळे आम्ही दोघंही ओरडत होतो. मोटार एका कमरेएवढ्या ओट्यावर चढवलेली. आधी खाली होती, दोन पावसाळ्यांत दोनदा जळाली, मग ओटा बांधला. पाणी आलं की पट्टा काढायचा, लोकांचे डबे माळ्यावर टाकायचे आणि चुलीपुढचं पोतं उचलायचं. मी विचारलं, पाणी येतं कुठून? तिनं दळण संपवलं, गिरणी बंद केली, हात झटकले.

"प्लॉट घेतला तवा त्यांनी मला तुमचा कागद दावला व्हता," ती म्हणाली. "ओढा न्हाई म्हणून सरकारी शिक्का हाय, म्हणले. मी शिक्का बघून घेतला, साहेब. रान बघून घेतलं असतं तर घेतला नसता."

विकासक गाडी घेऊन रस्त्यावर थांबला होता. आम्ही दोघं तिथे गेलो. त्यानं मला बघितलं, रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्यावरची धूळ रुमालानं झटकली आणि हसून म्हणाला, "बसा साहेब. आपली जुनी जागा."

मी बसलो. सवयीनं बसलो. पॅड मांडीवर घेतलं. खरंच तीच जागा होती, तीच बाभळीची विरळ सावली.

बाई उभीच होती. "साहेब, तुमी बसलाव ते काय हाय?"

"कठडा आहे."

"कशाचा?"

मी खाली बघितलं. माझ्या दोन पायांच्या मधे, मुरुमात जवळजवळ बुजलेली, सिमेंटच्या नळ्याची वरची कड दिसत होती. रस्त्याच्या पलीकडेही तसाच कठडा, त्यावर बांधकाम खात्यानं रंगवलेला आकडा. रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली मोरी होती ती.

"मोरीचा," मी म्हणालो.

"मंग कोरड्या रानात मोरी कामून बांधली असंल सरकारनं? तुमाला बसायला?"

विकासक मोठ्यानं हसला. म्हणाला, या मावशींचं बोलणं लय भारी असतं. मग मला बाजूला घेऊन शिकवणीच्या आवाजात समजावायला लागला. मोरी जुनी आहे, तेव्हा पाऊस जास्त होता, आता तर वर्षातले अकरा महिने तिथे शेळी चरते. शिवाय तुमचाच अहवाल आहे. तुम्हीच आज वेगळं लिहिलं तर लोक काय म्हणतील तुम्हाला? त्याच्या आवाजात खरी काळजी होती, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मोरीच्या कठड्यावर बसून मी लिहिलं होतं की ओढा आढळून आला नाही. आमच्या भागात वर्षाचा बहुतेक काळ ओढा म्हणजे थोडी खोल, थोडी गार माती. ज्याला बघायचा नाही त्याला तो दिसत नाही. पण मोरीला पाय लावून बसलेल्या माणसालाही दिसू नये?

त्या दिवशी उरलेला वेळ मी वाकून चाललो. मोरीपासून पुढे रिकाम्या प्लॉटांत एका ओळीत लव्हाळा उगवलेला होता. पाणी मुरतं तिथेच तो टिकतो. त्या ओळीनं गेलो तर थेट बाईच्या घराच्या दाराशी पोचलो, आणि घर ओलांडून पुढे नव्या प्रस्तावाच्या रानात. दुसऱ्या दिवशी मूळ नकाशा काढायला लावला. अर्धा दिवस लागेल असं मला वाटत होतं. चाळीस मिनिटं लागली. त्या दोन रेघा तिथे स्वच्छ होत्या.

अहवालात मी लिहिलं की दोन्ही जमिनींतून ओढा वाहतो, आणि मागच्या अहवालातलं वाक्य चुकीचं असून ते मी लिहिलेलं आहे. आमच्या वरिष्ठ, माझ्यापेक्षा वयानं लहान, हुशार बाई आहेत. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि सुचवलं की 'सदर बाब मागील पाहणीवेळी निदर्शनास आली नव्हती' असं लिहू या. अर्थ तोच होतो. मी म्हणालो, तोच होत नाही.

"मग मला तुम्हाला नोटीस द्यावी लागेल," त्या म्हणाल्या.

"द्या, मॅडम."

"हे चार वर्षांपूर्वी सुचलं असतं तर?"

नोटीस आठवड्यात आली. तिचं उत्तर मी तीनदा लिहून फाडलं. प्रत्येक खर्ड्यात ऊन जरा जास्तच कडक होत होतं.

यापेक्षा अवघड काम पुढे होतं. ओढा आहे असं लिहिलं की ओढ्यातलं घरही आहे असं लिहिलं जातं. खालचं रान भरण्यापासून वाचेल, पण बाईचं घर कागदावर ओढ्याच्या पात्रात येईल. उद्या तिला कर्ज हवं असेल, घर विकायचं असेल, कुणी तक्रार केली, तर माझा खरा अहवाल तिच्याच आड येईल. हे तिला पत्रानं कळू नये म्हणून मी सांगायला गेलो. सांगताना अडखळलो. दोनदा 'बाधित' हा शब्द वापरला, मग गिळला.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी आधी तुमी लिवलं ओढा न्हाई, तवा मी बुडाले. आता लिवलं ओढा हाय, तरी मीच बुडणार?"

मी हो म्हणालो.

मग तिनं डब्यातलं पीठ चाळायला घेतलं. "खालचं रान तरी मोकळं राहील का?" तिनं विचारलं. राहील, मी म्हणालो. "मंग लिवलेलं राहू द्या. पाणी जायला वाट पायजे." आणि अहवालाची नक्कल मागून घेतली. ती वाचताना एका शब्दावर थांबून तिनं अर्थ विचारला. शब्द 'सदर' होता. मी म्हणालो, त्याला काही अर्थ नसतो.

जूनमध्ये पाचवा नकाशा आला. त्यात ओढा होता, निळ्या रंगात, आणि काठानं फिरायला वाट. सोबतचं पत्र तेच, सूचनेप्रमाणे दुरुस्ती. ओढा वरून सरळ येत होता, चार प्लॉटांपाशी काटकोनात वळत होता, कुंपणालगत जात होता आणि पुन्हा काटकोनात वळून बाहेर पडत होता. रुंदी सगळीकडे तीन मीटर, पट्टीनं आखलेली. मी शेरा लिहिला की ओढा काटकोनात वळत नाही. मग तो खोडला, कारण त्यावर पुन्हा कुणीतरी विचारणार, नियम कोणता? त्याऐवजी लिहिलं: प्रत्यक्ष प्रवाहाची मोजणी करून निर्णय घेण्यात येईल. आणि गिरणीवाल्या बाईंना माझा नंबर दिला.

श्रावणात एका सकाळी, मी मुदत वाढवून घेतलेल्या नोटिशीच्या उत्तरावरच बसलो असताना, फोन आला. मागे गिरणीचा आवाज नव्हता.

"साहेब, तुमचा ओढा आलाय. या."

टेप आणि नकाशा घेऊन निघालो. विकासकालाही फोन करून बोलावलं. तो म्हणाला निघतोच आहे, पण तो आला नाही. मोरीच्या नळ्यातून गढूळ पाणी जोरात बाहेर पडत होतं, मुरुम कधीच वाहून गेला होता. बाईच्या दारातून पाणी आत जाऊन मागच्या दारातून बाहेर पडत होतं, पाहुण्यासारखं. ओट्यावर मोटार कोरडी होती. ती लुगडं खोचून मागच्या रानात गुडघाभर पाण्यात उभी होती आणि मला ओरडून सांगत होती, डावीकडून या, उजवीकडं खड्डा हाय.

मी बूट काढून कठड्यावर ठेवले. पँट वर केली, तरी भिजलीच. एका काठावर मी उभा राहिलो, टेपचं दुसरं टोक तिच्याकडे सोडलं. ते पाण्यानं ओढलं, तिनं पकडलं, आणि सावकाश पलीकडच्या काठापर्यंत नेऊन ताणलं.

"वाचा," मी म्हणालो.

"अकरा मीटर," ती म्हणाली. "वर जरासं."

"नीट वाचा, ताई. हे लिहायचं आहे."

तिनं टेप पदरानं पुसला आणि पुन्हा वाचायला वाकली.