शेपूट

दुपारची जेवणं आटोपलीत. वैजू कुशीवर पडली आहे. उताणं झालं की माकडहाडाच्या आत काहीतरी ठुसठुसतं. डोळे मिटतात. पंख्याची घरघर बारीक होते, मग ठकठक होते, आणि ती एमआरआयच्या नळीत आहे.

नळीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हसतं.

"आलं का शेपूट?"

अक्का. गेल्या दिवाळीआधी वारलेली थोरली बहीण. (लहानपणी वैजू सदान्‌कदा हिच्या मागं मागं. म्हणून गल्लीभर नाव पडलं : शेपूट.)

वैजू सरपटत नळीबाहेर येते. बाहेर शाळेचा वर्ग, गुडघाभर पाणी. शेवटच्या बाकावर अक्का.

"अक्का, तू नीट बसलीस?"

"इथं दुखत नाही."

जिवंतपणी ती एका कुल्ल्यावर बसायची. घरचे मूळव्याध म्हणायचे, तीही तेच म्हणायची. लाजेपायी मलमं चोपडत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता : आईच्या पोटात प्रत्येकाला शेपूट असतं, ते विरून जातं. हिचं थोडं राहिलं. गुदाशयामागं त्याची गाठ झाली. गाठीत कॅन्सर.

"आणि तुला काय झालंय गं?"

"मूळव्याध."

"खोटारडे!"

पाणी मांड्यांना लागतं.

"तसलीच गाठ आहे," वैजू म्हणते. "अजून साधी दिसते, काढून टाका म्हणतात. पण तिथं, अक्का… परक्या माणसांपुढं… आणि उघडल्यावर तुझ्यासारखंच निघालं तर?"

अक्का सरकून जागा करते. बाक नाही, विहिरीची पायरी आहे. खालची पायरी दिसत नाही.

"मग ये. बस."

किती दिवसांत वैजू नीट बसलेली नाही. ती वाकते.

पायरी नाही

तळ नाही

"जन्मभर माझ्या मागं! इथंही?" आवाज अक्काचा, तोंड अक्काचं राहिलेलं नाही. "फिर माघारी!"

गार पंजा छातीवर आदळतो.

वैजू पलंगावरून खाली पडली आहे. नवरा, विलास, चहाची गाळणी हातात घेऊनच धावत येतो.

"काय गं? लागलं का?"

"अहो, मूळव्याध नाहीये ती." तिचे दात वाजतायत. "अक्कासारखी गाठ आहे. ऑपरेशनची तारीख घ्या. आजच घ्या."

विलास तिच्या ब्लाउजकडे बघतोय. छातीवर पंजा उमटलाय, पाची बोटं स्पष्ट, आणि त्यातून अजून पाणी ओघळतंय.