किल्ली चालूच राहिली

इतर शाळांतले शिक्षक एकत्र बसले की मुलांच्या पेपरातली उत्तरं सांगून हसतात. आमच्या सायवनच्या शाळेतले बसले की बॅटऱ्यांचे किस्से निघतात! कोणी मुद्दाम जमवले नाहीत. कोपऱ्यात जुन्या चपला साठतात, तसे साठत गेले.

त्याला कारण आमची शाळाच. ती रस्त्याच्या खालच्या अंगाला, उतारावर. मुलांचा परिपाठ चालू असताना मोटारसायकलचा आवाज मोठ्या सरांना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांना, अजिबात खपायचा नाही. त्यामुळे उशिरा येणारा फाटकातच हँडलवरचं लाल बटण दाबून इंजिन बंद करायचा आणि उतारावरून गाडी गुपचूप आंब्याखाली आणायचा. गाडी आधीच गप्प झालेली, मग किल्ली फिरवायची आठवण कोणाला राहणार? किल्ली चालू, मीटरमधला हिरवा दिवा चालू, आणि शाळा सुटेपर्यंत बॅटरी ठार!

किक मारून किंवा ढकलून सुरू झाली तर ठीक, नाहीतर बॅटरी काढून नाक्यावरच्या दुकानात चार्जिंगला. ती मिळणार सकाळी. तोवर गाडीवाल्याचा मुक्काम माझ्या खोलीवर.

मी सांगलीकडचा. २०१४ साली इथे लागलो आणि शाळेमागच्या खोलीत एकटा राहिलो. बाकीचे डहाणू-तलासरीला आपापल्या घरी जायचे. शेवटची गाडी चढ चढून गेली की इतकं शांत व्हायचं की मी स्टोव्हशीसुद्धा बोलायचो. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक बसायला, दुसरी कपडे टाकायला.

* * *

एकदा खुद्द मोठ्या सरांनाच उशीर झाला. तेही लाल बटण दाबून घरंगळत आले आणि संध्याकाळी सेल्फ दाबतात तर नुसतं "टक्"! सगळ्या स्टाफने मिळून त्यांची गाडी चढावर ढकलली, मग पलीकडच्या उतारावर सोडली. गाडी सुरू झाली. कोणी हसलं नाही. म्हणजे सर वळणाआड जाईपर्यंत नाही!

दुसऱ्या दिवशी परिपाठात सातवीतली मुलगी सुविचार सांगायला उभी राहिली. खणखणीत आवाजात म्हणाली, "लाल बटण दाबल्यावर किल्लीही फिरवावी!"

टाळ्या पहिल्यांदा मोठ्या सरांनीच वाजवल्या.

* * *

त्यानंतर तलासरीचे धोडी सर फार सावध झाले. हँडल लॉक करून किल्ली खिशातच ठेवायचे आणि खिसा थोपटून दाखवायचे. "आपल्याला काय टेन्शन नाय!"

एके दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशी वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "सर, तुमची गाडी निजली, पन् मागचा डोला उघडा हाय!"

लॉक करताना किल्ली एक घर जास्त फिरली होती, त्यामुळे पार्किंगचा दिवा सकाळपासून जळत होता. धोडी सर त्या रात्री माझ्याकडे राहिले. बायकोच्या आठवणीने जेवले नाहीत आणि घोरण्याने मला झोपू दिलं नाही. तरी सकाळी ते गेल्यावर वाटलं, राहिले असते आणखी एक दिवस तर काय बिघडलं असतं?

* * *

पण या खेळातले खरे चॅम्पियन बारी सर. रिटायरमेंटला आलेले, डहाणूचे. त्यांच्या गाडीला किकच नव्हती, सगळी मदार सेल्फवर. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी पुण्याला. चिकूची वाडी, मोठं घर आणि राहणारा माणूस एक.

त्यांची किल्ली महिन्यातून एकदा तरी चालू राहायचीच. "अरे देवा!" म्हणून कपाळावर हात मारायचे. धोडी सर ढकलायला धावले की म्हणायचे, "नको रे, कंबर धरेल तुझी. राहतो मी सरांकडे."

मी खुर्चीवरचे कपडे उचलायचो.

पहिल्या मुक्कामाला त्यांनी माझी लुंगी नेसली. दुसऱ्या वेळी पिशवीतून स्वतःची काढली. तिसऱ्या वेळी पिशवीत ब्रश होता. त्यापुढच्या वेळी डब्यात सुक्या बोंबलाची चटणी निघाली, तीही दोघांना पुरेल एवढी!

मी म्हणालो, "सर, किल्ली विसरता, चटणी बरी आठवते!"

"वय झालं रे," ते म्हणाले आणि ताटं घेतली.

* * *

२०१८ साली बारी सर रिटायर झाले. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मुलीने गाडी चालवायला बंदी घातली. गाडी त्यांनी मला दिली. आंब्याखाली सगळ्यांसमोर मला शिकवायला लागले. "आधी लाल बटण. मग किल्ली. मग हिरवा दिवा गेला का बघायचं. मग लाल बटण परत जागेवर. तेव्हाच गाडीवरून उतरायचं."

मोठे सर हसून म्हणाले, "बारी सर, तुम्ही कधी केलंत का हो असं?"

"घरी रोज करतो," बारी सर म्हणाले.

धोडी सर हसणार होते, ते थांबले.

* * *

ते शाळा सोडून गेल्यावर मी दुसऱ्या खुर्चीवर परत कपडे टाकायला लागलो. गाडी मात्र शिकवल्याप्रमाणे बंद करायचो. दिवा गेला का बघायचो आणि खोलीत यायचो. बॅटरी कधी उतरली नाही. संध्याकाळ मात्र सरता सरायची नाही. मला त्यांची फार आठवण यायची.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी त्यांच्याच गाडीवरून डहाणूला गेलो. दार उघडायला सरांना वेळ लागला. आत टीव्ही चालू होता, समोर कोणी नव्हतं. मला बघून त्यांनी तो बंद केला. मग चहा झाला, बोंबील झाले, वाडीत एक चक्कर झाली. मोठ्या सरांची गाडी चढावर ढकलल्याचा किस्सा त्यांनी मला नव्याने सांगितला आणि मी नव्याने हसलो.

ऊन कलल्यावर म्हणालो, "निघतो सर." ते फाटकापर्यंत आले. मी गाडीवर बसलो, सेल्फ दाबला.

टक्.

पुन्हा दाबला. टक्.

बारी सर गाडीजवळ आले, वाकून मीटरकडे बघितलं. "किल्ली चालू राहिली का रे?"

"हो ना, सर."

त्यांनी हात पुढे करून किल्ली बंद केली, काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"ब्रश आणलास?"

"पिशवीत आहे."