तिसऱ्या डिव्हिजनच्या सपाता

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे जपानात, टोकियोजवळच्या ग्योतोकु स्टेशनवर उभी होते, आणि खरं सांगते, मला आधी राग आला. रविवार होता. ऋजुता, माझी मुलगी, युनिव्हर्सिटीच्या लीग मॅचला गेली होती आणि तिला हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझे थोरले दीर जयंतराव जन्मभर अवघड कामं अशीच दुसऱ्यांवर टाकून मोकळे होत आले. आता दीड महिना झाला. लोक भेटायला येतात, "किती दिलदार माणूस" म्हणतात. मी चहा पुढे करते.

दिलदार होते, यात वाद नाही. दुसऱ्याच्या वतीने हो म्हणताना त्यांना कधी जड गेलं नाही. मुंबईच्या बँकेतून बदलीवर कोबेला आले, मग इथे ग्योतोकुला स्थिरावले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. घरात सगळ्यात चांगलं जपानी त्यांचंच, म्हणून शाळा-दवाखाना सगळीकडे तेच पुढे. ऋजुता बारावीला असताना माझ्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी आम्ही नवराबायको पुण्याला गेलो होतो. नेमकं तेव्हाच शाळेतल्या बॅडमिंटनच्या सरांनी पालकांना बोलावलं. एका युनिव्हर्सिटीच्या टीमला ऋजुता हवी होती, फी माफ. भाऊजी गेले आणि कमरेत वाकून हो म्हणून आले. फोनवर मला म्हणाले, "अगं, हातात एक सीट असू दे. पुढे चांगलं मिळालं तर कॅन्सल करू. आपल्याकडे नाही का दोन-दोन कॉलेजं धरून ठेवत?"

इथे तसं नसतं. खेळाच्या शिफारशीवरच्या प्रवेशाला हो म्हणालात की शब्द दिलात. तो मागे घेतला तर त्या शाळेच्या पुढच्या मुलींना ती युनिव्हर्सिटी दारात उभं करत नाही. जपानात उभी हयात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नसावं? ऋजुताला आर्किटेक्चरला जायचं होतं, आमच्या दोन खोल्यांत तिच्या पुठ्ठ्याच्या इमारतींमुळे पाय ठेवायला जागा नसायची. सर घरी आले आणि मान खाली घालून बसून राहिले. शेवटी तीच म्हणाली, "आई, ज्युनिअर मुलींचं नुकसान होईल. जाते मी." आणि गेली, अर्थशास्त्राला.

टीम तिसऱ्या डिव्हिजनची. पहिल्या डिव्हिजनच्या मुलींवर कंपन्यांचे डोळे असतात, तिसरीच्या मॅचला गॅलरीत चिटपाखरू नसतं. अट मात्र तीच, क्लब सोडला की फीमाफी बंद. मुलं मिळेनाशी झालेल्या युनिव्हर्सिटीला वर्ग भरायचे असतात, म्हणून ती रॅकेट धरणाऱ्या मुली गोळा करते आणि त्याला क्रीडाप्रेम म्हणते. हे मी भाऊजींना कितीदा ऐकवलं. ते मात्र गणपतीच्या कार्यक्रमात दिसेल त्याला सांगत सुटायचे, "आमची ऋजुता स्कॉलरशिपवर खेळते." डिव्हिजन कितवी असं कोणी विचारलं की चकलीची बशी पुढे करायचे.

दुसऱ्या वर्षी तिचा गुडघा गेला. आम्ही म्हटलं, सोड, फी आम्ही भरतो. ती ऐकेना, मध्येच सोडलं तरी बोल शाळेलाच लागणार होता. मग मॅचच्या दिवशी तिला लाइन जज म्हणून खुर्चीत बसवायला लागले. तिने शटल आत की बाहेर ते सांगायचं आणि दुसऱ्यांनी खेळायचं... आणि भाऊजी दर रविवारी आल्याच्या चहाचा थर्मास घेऊन तिच्या खुर्चीच्या बरोबर वर, गॅलरीत. जिममध्ये बाहेरचे बूट चालत नाहीत, म्हणून त्यांनी आपल्या तपकिरी सपाता तिथल्याच रॅकमध्ये ठेवून दिल्या होत्या. मुलींनी खणावर नावाची चिठ्ठी लावली होती, 'काका-सान', म्हणजे आपलं काकासाहेब. ती चिठ्ठी पाहिली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा मी तिथेच, गॅलरीत, त्यांना विचारलं, "भाऊजी, पोरीची वाट बदललीत. चुकलं, एवढं तरी म्हणाल का कधी?"  त्याच वेळी खाली खुर्चीत बसलेल्या ऋजुताने दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. मी दचकले. "हे काय?"

"खेळाडू आड आली असेल," भाऊजी म्हणाले. "मला दिसलं नाही, असं सांगायचं असलं की तसं करतात."

 माझा प्रश्न तसाच राहिला, आणि आता तर राहिलाच.

गेल्या रविवारी सीझनची शेवटची मॅच होती. टीम हरली. मी त्यांच्या सपाता न्यायला गेले होते, एकदाचं ते प्रकरण संपवावं म्हणून. चिठ्ठी जागेवर होती. पहिल्या वर्षाच्या मुलींनी सपाता पुसून, टाचा बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या होत्या, पाहुण्याला आल्याबरोबर पाय घालता यावेत अशा. मी त्या उचलल्या. ऋजुता लंगडत मागून आली.

"ह्या जळणाऱ्या कचऱ्यात जातात का गं?" मी विचारलं. इथे जळणारा आणि न जळणारा कचरा वेगळा टाकतात, ते मला ठाऊक होतं; मुद्दामच विचारलं.

 तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर धरले. मला वाटलं, चेष्टा करतेय. मी वाट पाहिली... तिने हात काढलेच नाहीत.

मी सपाता खणात परत ठेवल्या, टाचा बाहेर करून.